संध्याकाळच्या कबड्डीला कुठली लेन्स?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. कॅमेरा कॅनन 90डी, सोबत 55-250 लेन्स (आकडे मिलिमीटरचे, मोठा आकडा म्हणजे लांबचं जवळ). मुलगी क्लबकडून कबड्डी खेळते. सामने बहुतेक संध्याकाळी, कधी हॉलमध्ये मॅटवर, कधी मंडळाच्या मैदानात फ्लडलाइटखाली. धाकटा रविवारी सकाळी क्रिकेट खेळतो. हाताशी नव्वद हजार आहेत. मित्र म्हणतो टॅमरॉनची 150-600 घे, दुकानदार म्हणतो 100-400 घ्या, आणि तुमच्या मनात जुनी, म्हणजे वापरलेली, 70-200 एफ 2.8 आहे (एफचा आकडा जितका लहान तितका लेन्समधून उजेड जास्त). एकाच लेन्समध्ये दोन्ही मुलं बसवायची आहेत.

जुनी 70-200 एफ 2.8 घ्या. धाकट्यासाठी काहीच घेऊ नका, त्याची लेन्स तुमच्याकडे आहे.

धाकट्याचं आधी उरकतो. सकाळचं ऊन असताना एफ 5.6 ला 1/2000 सेकंदाचं शटर मिळायला आयएसओ 400 पुरतो (आयएसओ म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, वाढवली की फोटो दाणेदार होतो), आणि 90डी वर आयएसओ 400 चा फोटो भिंतीवर मोठा करून लावता येतो. 90डी चा सेन्सर साधारण 22 मिमी रुंद आणि 15 मिमी उंच. तुम्ही सीमारेषेबाहेर बसलात आणि खेळपट्टी 65 मीटरवर असली, तर 250 ला चौकटीत जवळपास सहा मीटर रुंद आणि चार मीटर उंच भाग येतो. दीड मीटर उंचीचा मुलगा त्यात एक तृतीयांशाहून जास्त जागा घेतो. 32 मेगापिक्सेलमधून थोडं कापलं की फ्रेम भरते. 150-600 ने तो आणखी मोठा दिसेल हे खरं. पण ती दोन किलोची नळी घेऊन दर रविवारी शिवाजी पार्कला जाणारे बाबा मी पाहिलेत. दिवाळीपर्यंत जातात. (आणि तिथे एका वेळी चार सामने एकमेकांत गुंतलेले असतात. डोळा व्ह्यूफाइंडरला लावून बसलात की शेजारच्या सामन्यातला चेंडू कुठून येईल सांगता येत नाही. पाठीशी झाड किंवा साइटस्क्रीन असू द्या.)

आता मुलीचं. खरा पेच तिथे आहे.

मी वीसेक वर्षं वर्तमानपत्रासाठी खेळाचे फोटो काढतोय. लेन्स विचारायला येणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो 'किती लांबचं येईल?' हा. कबड्डीत लांबचं काही नसतंच. महिलांचं मैदान 12 मीटर लांब आणि 8 मीटर रुंद, म्हणजे एक अंगण 6 मीटरचं. तुम्ही अंतिम रेषेमागे तीन मीटरवर मांडी घालून बसलात, तर मध्यरेषा तुमच्यापासून 9 मीटरवर आली. तिथे 400 घेऊन काय करणार? तुमच्या कॅमेऱ्यावर 400 ला 9 मीटरवर अर्धा मीटर रुंदीची चौकट मिळते. खेळाडूचं नाक आणि कान.

हिशेब सोपा आहे, स्वतः करून बघा. अंतराला सेन्सरच्या रुंदीने गुणा आणि फोकल लेंग्थने (लेन्सवरचा 70, 200 हा आकडा) भागा, चौकटीची रुंदी मिळते. 9 मीटरवर 70 ला 2.9 मीटर रुंद आणि 1.9 मीटर उंच. 100 ला साधारण दोन मीटर रुंद. 200 ला एक मीटर. म्हणजे मध्यरेषेवरची झटापट 70 ते 120 च्या दरम्यान टिपायची, आणि एकटा चेहरा हवा असेल तर 200. तुमच्या कामाचा सगळा पल्ला 70-200 मध्ये आला.

तुमची मुलगी चढाईला कुठल्या अंगणात जाते त्यावर तुम्ही कुठे बसायचं ते ठरवा. बहुतेक नवे लोक ती ज्या अंगणात शिरते तिथल्या अंतिम रेषेमागे बसतात, कारण चढाईपटूचा चेहरा समोरून दिसतो. दिसतो, पण मध्ये बचाव करणाऱ्या सात पाठी असतात, आणि ती निदान रेषेवर (मध्यरेषेपासून तीन मीटरवर) आली की तुमच्यापासून फक्त सहा मीटरवर असते. 70 ला तिथे सव्वा मीटर उंचीची चौकट. म्हणजे पाय गेले, आणि कबड्डीत पाय गेले की पकड गेली.

मी उलटं करतो. तिच्या स्वतःच्या अंगणामागे, कोपऱ्याजवळ बसतो. जाताना तिची पाठ दिसते, तेव्हा कॅमेरा खाली. ती बोनस घेते, एकीला हात लावते, वळते, आणि मग मध्यरेषेकडे, म्हणजे तुमच्याकडे झेपावते. कोपऱ्यातल्या मुलीने घोटा धरलेला, दुसरी कमरेवर पडलेली, आणि तिचा उजवा हात रेषेपासून वीतभर मागे. तोंड उघडं, दम सुटत आलेला. हा फोटो 9 मीटरवर, साधारण 90 ला मिळतो, आणि त्यासाठीच तुम्ही पैसे घालताय. मध्यंतरानंतर अंगणं बदलतात, तेव्हा तुम्हीही उठून पलीकडे जायचं. संयोजकांना आधी विचारून ठेवा, पंचांच्या आणि गुणलेखकाच्या आड येऊ नका, एवढं सांभाळलं तर कोणी उठवत नाही.

राहिला उजेड. हॉलमध्ये माझी नेहमीची मांडणी एफ 2.8, शटर 1/800, आयएसओ 6400 अशी असते. त्याच उजेडात एफ 5.6 ला दोन स्टॉप कमी, म्हणजे चौपट कमी प्रकाश. आयएसओ तोच ठेवला तर शटर 1/200 वर येतं, आणि 1/200 ला झेपावलेल्या हाताचा पंखा होतो. शटर तेच ठेवलं तर आयएसओ 25,600. 90डी तिथपर्यंत जातो, पण मुलीचे केस आणि मागचं अंधारलेलं छत यांतला फरक निघून जातो. तुमच्या 55-250 वर अन्याय नको. छोट्या टोकाला ती एफ 4 च्या आसपास असते, त्यामुळे तिथे तोटा साधारण एकाच स्टॉपचा आहे. पण दुकानदाराची 100-400 तुमच्या लागणाऱ्या पल्ल्यात, म्हणजे 100 च्या आसपासही, एफ 4.5 लाच सुरू होते. नव्वद हजार घालून तुम्ही आहात तिथेच राहाल, शिवाय खालचे 55 ते 100 हातचे जातील.

एफ 2.8 चा दुसरा फायदा कमी लोक सांगतात. कॅमेरा फोकस करतो तो लेन्स पूर्ण उघडी असताना. फोटो तुम्ही एफ 4 ला काढला तरी फोकस शोधताना 90डी ला एफ 2.8 चा उजेड मिळत असतो. मंडळाच्या मैदानात, जिथे दोनच खांबांवर दिवे आहेत आणि एक कोपरा कायम काळोखात, तिथे लेन्स पुढे-मागे चाचपडत बसते की झटकन पकडते, हा फरक इथून येतो. आणि मागचं धूसर होतं ते वेगळंच. कबड्डीच्या मागे काय असतं तुम्हाला ठाऊक आहे: प्रायोजकांचे फ्लेक्स, प्लास्टिकच्या खुर्च्या, भेळ खाणारे काका. एफ 5.6 ला काकांच्या हातातली पुरी मोजता येते.

उघड्या लेन्सची किंमतही असते. 9 मीटरवर 100 ला एफ 2.8 ठेवलं तर पुढे-मागे मिळून साधारण 85 सेंटिमीटरचा पट्टा धारदार येतो. 200 ला तोच पट्टा 20-22 सेंटिमीटर, म्हणजे वीतभर. आडव्या झेपावलेल्या मुलीचा हात आणि चेहरा यांत मीटरभर अंतर असतं. 200 ला दोन्ही धारदार येणार नाहीत. सुरुवातीला माझ्याकडे असे ढीगभर फोटो होते: बोटांची नखं दिसताहेत आणि डोळे दुधात. फोकस चेहऱ्यावर ठेवा. हात हलला तर चालतो, रेषा मऊ आली तर चालते.

आता कुठली 70-200. तुमच्या माउंटपुरतं, म्हणजे तुमच्या कॅमेऱ्याला बसणाऱ्या लेन्सपुरतं, सविस्तर सांगतो.

कॅननची ईएफ 70-200 एफ 2.8 एल आयएस (आयएस म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय), दुसरी आवृत्ती, 2010 ची. हीच शोधा. वजन दीड किलोला दहा ग्रॅम कमी. झूम फिरवल्यावर लांबी बदलत नाही, त्यामुळे गर्दीत समोरच्याच्या डोक्याला लागत नाही. फोकसची मर्यादा ठरवणारं बटण आहे. ते अडीच मीटरपुढे ठेवा, म्हणजे समोरून कोणी गेलं तरी लेन्स थेट टोकापर्यंत धावत नाही. 2018 ला तिसरी आवृत्ती आली. भिंगांची रचना तीच, लेप नवे. त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. 2001 ची पहिली आयएस आवृत्ती स्वस्त मिळते, पण ती घेऊ नका. आतली मोटर किंवा आयएस गेलं तर सुटा भाग शोधताना नाकी नऊ येतात.

आणि एक आडवाटेची शिफारस: 1995 पासूनची, आयएस नसलेली 70-200 एफ 2.8 एल. लोक तिच्याकडे बघत नाहीत म्हणून बरीच स्वस्त पडते. आयएस तुमच्या हाताचं थरथरणं सांभाळतं, मुलीचं पळणं नाही. 1/800 ला तुमचा हात तसाही गोठलेला असतो. मी स्वतः त्या शटरला आयएस बंदच ठेवतो. लग्नकार्यातही वापरायची असेल तर मात्र आयएसवाली घ्या, मंगलाष्टकांच्या वेळी 1/60 ला हात धरवत नाही.

टॅमरॉनची 70-200 एफ 2.8 जी 2 (2017) चांगली आहे. भिंगाला मी नावं ठेवणार नाही. चढाईसारख्या झटक्यात दिशा बदलणाऱ्या हालचालीत माझा कल कॅननच्या मोटरकडे राहिला आहे, एवढंच. सिग्माची 50-100 एफ 1.8 (2016) तुमच्याच सेन्सरसाठी बनवलेली आहे, कागदावर ती कबड्डीसाठीच जन्मली असं वाटतं. पल्ला नेमका, उजेड आणखी सव्वा स्टॉप जास्त. पण तिच्यात आयएस नाही, वजन दीड किलोच, आणि उद्या फुलफ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, घेतलात तर ती कापूनच वापरावी लागेल. हातात घेऊन, मुलं पळत असताना तपासून मगच ठरवा.

पुढे कधी मिररलेसकडे (आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांकडे) गेलात तर ईएफ लेन्स कॅननच्या अडॅप्टरने आर मालिकेच्या बॉडीवर व्यवस्थित चालते, फोकससकट. म्हणून जुनी ईएफ घेणं म्हणजे पैसे बुडवणं नाही. आरएफ 70-200 एफ 2.8 ची 2019 ची आवृत्ती हलकी आहे, 1,070 ग्रॅम, पण तिला टेलिकन्व्हर्टर (लेन्सचा पल्ला वाढवणारं जोडभिंग) बसत नाही. 2024 ला आलेल्या झेड आवृत्तीला बसतो. दोन्ही तुमच्या बजेटच्या बाहेर.

इतरांसाठी दोन ओळी. निकॉनवाल्यांनी 70-200 एफ 2.8 ची 2009 ची व्हीआर दुसरी आवृत्ती घेताना लक्षात ठेवा, जवळच्या अंतरावर ती 200 ला 200 इतकं दाखवत नाही, बरंच कमी दाखवते. 2016 च्या एफएल आवृत्तीत ते सुधारलं. सोनीवाल्यांना टॅमरॉनची 70-180 एफ 2.8 वजनात सुखाची आहे, पहिली आवृत्ती 810 ग्रॅम. पण सोनीच्या सगळ्यात वेगवान बॉडींवर परक्या लेन्सला सेकंदाला 15 च्या वर फ्रेम मिळत नाहीत आणि सोनीचा टेलिकन्व्हर्टर बसत नाही.

जुनी लेन्स घेताना मी एकदा तोंडघशी पडलोय, ते सांगतो. दुकानात 200 ला एफ 2.8 ठेवून चार फोटो काढले, पापण्या मोजता येत होत्या, पैसे देऊन मोकळा झालो. पहिल्याच स्पर्धेत संध्याकाळभर काढलेल्या फोटोंत चढाईपटू मऊ आणि तिच्या पुढ्यातल्या बचावपटूची पाठ धारदार. लेन्स 70 च्या टोकाला पुढे फोकस करत होती, आणि मी ते टोक तपासलंच नव्हतं. दुकानदाराला ठाऊक होतं की नाही, देव जाणे. 90डी मध्ये फोकसची बारीक दुरुस्ती करता येते, झूमच्या दोन्ही टोकांना वेगवेगळी, त्यामुळे अशी लेन्स वाचू शकते. पण ती दुरुस्ती करून द्यायची की किंमत उतरवायची, हे पैसे देण्याआधी बोलायचं असतं.

तेव्हा मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात जा किंवा कुणाच्या घरी, खिशात छोटा टॉर्च आणि घडी न मोडलेलं वर्तमानपत्र असू द्या. पेपर टेबलावर तिरका ठेवा, तीन मीटरवरून मधल्या एका ओळीवर फोकस करा, 70 ला, 135 ला, 200 ला, सगळं एफ 2.8 वर. जी ओळ नेमली तीच धारदार आली पाहिजे. मग सोबत आलेल्याला तुमच्याकडे चालत यायला सांगा, सर्वो मोडवर (हलत्या माणसावर फोकस सतत धरून ठेवणारा) वीस फ्रेम घ्या, आणि स्क्रीनवर मोठ्या करून बघा. टॉर्च मागच्या भिंगातून तिरका मारा आणि पुढून पाहा. धुळीचे चार कण असले तर सोडून द्या. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. श्वास सोडल्यासारखा धुरकट पडदा दिसला तर तीही नको. माउंटच्या स्क्रूंची डोकी बघा, झिजलेली असतील तर लेन्स उघडली गेली आहे. का उघडली, ते विचारा. आयएस असेल तर 200 ला बटण अर्धं दाबून कान लावा. हलकी घरघर ठीक, खरखर नको.

बुरशीबद्दल मीही धुतल्या तांदळाचा नाही. एका जुलैत कोकणातून भिजलेली बॅग आणली आणि तशीच कपाटात ठेवली. तीन आठवड्यांनी लेन्स काढली तर पुढच्या भिंगाच्या कडेला पांढरी नक्षी. साफ करून मिळाली, पण लेप गेला तो गेलाच. आता हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक ठेवतो. काटा 40 ते 50 टक्क्यांत राहिला की झालं.

दिव्यांचं एक सांगायचं राहिलं, नाहीतर नवी लेन्स आणून तुम्ही तिलाच दोष द्याल. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होतात. 1/800 ला एक फ्रेम उजळ येते, पुढची पिवळी आणि काळोखी. 90डी मध्ये अँटी-फ्लिकर आहे, ते चालू करा. कॅमेरा तेज क्षण गाठून शटर उघडतो. सलग फ्रेमचा वेग थोडा उतरतो, उतरू द्या. फ्लॅश मात्र मारू नका, चढाईत असलेल्या मुलीच्या डोळ्यात तर नाहीच.

आणि पैसे घालण्याआधी एक दिवसाचं भाडं घाला. मुंबई-पुण्यात ही लेन्स भाड्याने सहज मिळते. एक अख्खी स्पर्धा तिच्यावर काढा, कॅमेरा लेन्स मिळून सव्वादोन किलो होतात, ते जमिनीवर बसून, कोपर गुडघ्यावर टेकवून दोन तास पेलवतात का बघा. घरी आल्यावर आवडलेले पन्नास फोटो वेगळे करा आणि प्रत्येकाची फोकल लेंग्थ पाहा. बहुतेक 70 ते 130 मध्ये आले तर माझा हिशेब बरोबर. त्यातले दहा-बारा 70 लाच अडकलेले आणि पाय कापलेले निघाले, तर तुमच्या मैदानात मागे सरकायला जागा नाही असं समजा. मग 70-200 मध्ये आयएस नसलेलीच घ्या, आणि वाचलेल्या पैशातून 50 एफ 1.8 घेऊन खिशात टाका.